टायर तेच, जागा नवी. मग गाडी का थरथरते?

प्रश्न : माझी छोटी गाडी आहे, इंजिनाचा जोर पुढच्या चाकांवर येणारी. ३४,००० किलोमीटर झाले, टायर सुरुवातीपासूनचेच. गेल्या महिन्यात पहिल्यांदाच टायर रोटेट करून घेतले, दोन्ही बाजूंना पुढचा मागे आणि मागचा पुढे. त्याच दिवशी परत येताना ८० च्या आसपास स्टिअरिंग थरथरायला लागलं. ६० पर्यंत काही नाही, ८० ते ९५ मध्ये जोरात, शंभरीजवळ पुन्हा कमी. ब्रेक मारल्याने फरक पडत नाही. शिवाय पुढून घूं घूं असा आवाज येतो आणि वेगाबरोबर तो चढत जातो. गाडी परत नेली तर लोअर आर्म आणि स्टिअरिंग रॅक बदला म्हणाले. गंमत अशी की नेहमी मागे बसणारी माझी आई म्हणते, ‘आता मागे बरं वाटतं. आधी पायाखाली मुंग्या आल्यासारखं व्हायचं आणि काहीतरी गुणगुणायचं.’ आम्ही ते कधी मनावर घेतलं नव्हतं. रॅक बदलू का?

उत्तर : रॅकला, म्हणजे स्टिअरिंग फिरवल्यावर चाकं वळवणाऱ्या दांड्याला, आत्ता हात लावू देऊ नका. चाकाला खालून धरणाऱ्या लोअर आर्मलाही नाही. तुमच्या पत्रात दुखण्याच्या सगळ्यात जवळ कुणी पोचलं असेल तर त्या तुमच्या आई. त्यांचं वाक्य मी तीनदा वाचलं. वेग आणि आवाज तुम्ही नीट लिहिलेत म्हणून मला बरंच कळलं, पण आईंनी जे सांगितलं ते बॅलन्सिंगच्या मशिनवरसुद्धा दिसलं नसतं.

रोटेशनमध्ये गाडीचं काय काय हललं याचा आधी विचार करा. रॅक जागेवर आहे. लोअर आर्म, शॉक अब्सॉर्बर, बेअरिंग, ड्राइव्ह शाफ्ट सगळे जागेवर आहेत. हलली ती फक्त चार चाकं. पूर्वी मागच्या माणसाच्या पायाखाली थरथर होती आणि गुणगुण होती. आता ती मागे नाही, पुढे आहे. म्हणजे दोष चाकाबरोबर पुढे आला. रॅक खराब असता तर तो रोटेशनच्या आदल्या दिवशीही खराबच होता, आणि मागच्या सीटवर त्याने मुंग्या आणल्या नसत्या.

पुढची चाकं टाय रॉडने स्टिअरिंगला जोडलेली असतात, म्हणून त्यांचं दुखणं तुमच्या हातात येतं. मागच्या चाकांना तसं कुणाशी बोलायला नसतं, त्यांचे हादरे पत्र्यातून सीटला आणि तळाला जातात. गाडी चालवणाऱ्याला बऱ्याचदा ते कळतच नाहीत. बॅलन्स बिघडलेलं, म्हणजे एका बाजूला जास्त वजन असलेलं, एखादं चाक वर्षभर मागे निमूट फिरत राहतं आणि पुढे आलं की त्याच दिवशी तक्रार सुरू होते. मग सगळे म्हणतात, रोटेशनने गाडी बिघडली. अलाइनमेंटच्या, म्हणजे चाकांचे कोन लावायच्या, खड्ड्यात २२ वर्षं उभी राहून मी हे वाक्य किती वेळा ऐकलं असेल!

तरीही एक गोष्ट आजच्या आज करा, ही उत्तराची बाकीची पानं वाचायच्याही आधी. चारही चाकांचे नट तपासा. थरथर चाकं खोलून बसवल्याच्या दिवशीच सुरू झाली, तेव्हा बसवण्यात चूक राहिली असणंही शक्य आहे, आणि ती चूक जिवावर बेतू शकते. वळताना ठक ठक ऐकू येत असेल किंवा थरथर दिवसागणिक वाढत असेल तर गाडी जागेवरून हलवू नका.

नट हवेच्या गनने आवळले की बघणाऱ्याला काम पक्कं झाल्यासारखं वाटतं. गनला किती घट्ट ते समजत नाही. एक नट पिळून निघतो, शेजारचा अर्धवट राहतो, आणि चाक हबवर, म्हणजे गाडीच्या ज्या तबकडीला ते नटांनी बसतं तिच्यावर, किंचित तिरकं बसतं. बरोबर पद्धत अशी : चाक वर असतानाच प्रत्येक नट आधी हाताने फिरवून बसवायचा, मग एकासमोरचा दुसरा असे फुलीच्या क्रमाने हलके आवळायचे, गाडी खाली टेकवायची आणि शेवटचा जोर टॉर्क पान्याने, म्हणजे किती जोर लागला ते दाखवणाऱ्या पान्याने, द्यायचा. बहुतेक छोट्या गाड्यांचा आकडा १०० न्यूटन मीटरच्या आगेमागे असतो, पण तुमच्या गाडीचा नेमका आकडा तिच्या पुस्तिकेत आहे, तोच धरा. ५० ते १०० किलोमीटर चालवल्यावर पुन्हा एकदा पाना लावून बघायचा. जास्त आवळणंही बरं नाही. कमीजास्त आवळलेल्या नटांमुळे ब्रेकची डिस्क किंचित वाकडी धरली जाते, आणि काही हजार किलोमीटरनंतर ब्रेक दाबला की पेडल धडधडायला लागतं. तुमच्याकडे ब्रेकने फरक पडत नाही हे तुम्ही लिहिलंत, त्यामुळे डिस्कवरचा संशय मी बाजूला ठेवते.

गाडीला अलॉय व्हील नंतर बाहेरून बसवली असतील तर अजून दोन गोष्टी बघा. नटाचं तोंड निमुळतं की गोलसर, आणि चाकाच्या भोकाची बैठक तशीच आहे का? दोन्ही जुळले नाहीत तर नट घट्ट वाटतो, पण चाक मध्यावर बसत नाही. दुसरं म्हणजे चाकाच्या मधल्या भोकात प्लास्टिकची किंवा अॅल्युमिनियमची एक पातळ रिंग असते, ती चाकाला हबच्या मध्यावर धरते. चाक काढताना ही रिंग हबलाच चिकटून राहते किंवा खाली पडून झाडण्यात जाते, कुणाच्या लक्षातही येत नाही.

आता गंजाबद्दल. याबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण यानेच मला सगळ्यात जास्त शिकवलं. कामाला लागून काही वर्षं झाली होती. अशीच एक गाडी आली, रोटेशननंतर थरथरणारी. पुढचं डावं चाक मी चार वेळा बॅलन्सिंगच्या मशिनवर चढवलं. मशीन दर वेळी शून्य दाखवायचं आणि गाडी दर वेळी तशीच परत यायची. पाचव्या वेळी मी चाकाकडे न बघता हबकडे बघितलं. हबच्या तोंडावर गंजाची एक खपली होती, नखाएवढी. चाक मागे असताना त्याच्या आतल्या बाजूवरही तसाच थर धरलेला होता. जुन्या जागी दोन्ही थर एकमेकांत दाबून बसलेले असतात, नव्या जागी ते जुळत नाहीत. हबच्या तोंडाचा व्यास साधारण १३० मिलिमीटर आणि टायरचा ६२० धरला, तर हबजवळ अर्ध्या मिलिमीटरची खपली टायरच्या कडेला जवळपास अडीच मिलिमीटरचं डोलणं होऊन दिसते. मशिनला हे कळायला मार्गच नाही, कारण तिथे चाक मशिनच्या स्वच्छ दांड्यावर बसलेलं असतं, तुमच्या हबवर नाही. त्या दिवसापासून तारेचा ब्रश माझ्या खिशात असे. चाक खोललं की आधी हब आणि चाकाची बैठक चकचकीत घासायची, मग बाकीचं.

नट आणि हब स्वच्छ निघाले की बॅलन्सकडे या. माझ्या अंदाजाने तुमची थरथर इथेच आहे. टायर घासत जातो तसा त्याचा तोल बदलतो. शिवाय रिमला लावलेलं छोटं वजन कधीतरी गळून पडतं. ते जिथे होतं तिथे मळलेल्या रिमवर एक स्वच्छ चौकोन उरतो, तो शोधा. रिमच्या आत वाळलेला चिखल असेल तर तो बॅलन्स करायच्या आधी खरवडून काढायला सांगा, नाहीतर मशीन चिखलासकट तोल लावतं आणि पुढे चिखल पडला की तोलही गेला.

२० ग्रॅमने काय होणार, असं वाटेल. १८५/६५ आर १५ मापाचा टायर धरू. त्याचा परीघ सुमारे १ मीटर ९५ सेंटीमीटर. १०० च्या वेगाला तो सेकंदाला १४ वेळा फिरतो. रिमच्या कडेला २० ग्रॅम जास्त असतील तर त्या वेगाला जवळपास ३ किलो वजनाएवढी ओढ चाकाला बसते, तीही सेकंदाला १४ वेळा दिशा फिरवत. ५० च्या वेगाला हीच ओढ चौथाई होते, म्हणून ६० पर्यंत तुम्हाला काही जाणवत नाही. शंभरीजवळ पुन्हा कमी का होतं? तर सस्पेन्शनला टांगलेल्या चाकाची उसळण्याची स्वतःची एक लय असते, साधारण सेकंदाला १० ते १५ वेळा. चाकाच्या फेऱ्या त्या लयीशी जुळल्या की छोटा धक्काही मोठा होतो, झोपाळ्याला नेमक्या वेळी हात लावावा तसा. ८० ते ९५ मध्ये तुमचं चाक सेकंदाला ११ ते साडेतेरा फेऱ्या घेतं. पुढे वेग वाढला की मेळ सुटतो. तेव्हा वेगाचा जो ठरावीक पट्टा तुम्ही लिहिलात, हे चाकाच्या तोलाचं अगदी ओळखीचं लक्षण आहे.

इंजिनाकडचा संशय घालवायचा असेल तर मोकळ्या सरळ रस्त्यावर ८५ चा वेग एकदा टॉप गिअरमध्ये धरा आणि एकदा त्याच्या खालच्या गिअरमध्ये. इंजिनाचे फेरे बदलले तरी थरथर तशीच राहिली तर ती चाकांची. फक्त अॅक्सिलरेटर दाबल्यावर येत असती आणि पाय काढल्यावर जात असती, तर मी इंजिनाचा जोर चाकांना पोचवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टच्या आतल्या सांध्याबद्दल बोलले असते.

कुठलं चाक, हे शोधायचा सगळ्यात चांगला उपाय स्वस्तही आहे आणि वर्कशॉपमध्ये कुणी आपणहून सुचवत नाही. खडूने चारही टायरवर आकडे घाला. मग फक्त डाव्या बाजूचं पुढचं आणि मागचं चाक परत पूर्वीसारखं करा आणि त्याच रस्त्यावर त्याच वेगाने जाऊन या. स्टिअरिंग शांत झालं तर दोष आत्ता मागे गेलेल्या डाव्या चाकात. नाही झालं तर उजवी बाजू करून बघा. एका वेळी एकच बाजू हलवायची. आईंना मागे बसवा आणि डोळे मिटून सांगायला सांगा. त्यांच्या इतकी चांगली परीक्षा कुणी घेणार नाही.

सापडलेलं चाक बॅलन्सला नेलंत की मशिनवर एक तपासणी आवर्जून करून घ्या. शून्य आल्यावर चाक सैल करून अर्धा फेरा फिरवून पुन्हा आवळायचं आणि परत फिरवायचं. आकडा ५ ग्रॅमपेक्षा जास्त सरकला तर चाक मशिनवरच मध्यावर बसलेलं नाही, आणि आधीच्या शून्याला काही अर्थ नाही. त्याच वेळी रिमची कड बघायला सांगा. खड्ड्यात आपटलेली रिम फिरताना लगेच दिसते, विशेषतः आतल्या बाजूची, जी गाडीवर असताना आपण कधी बघत नाही.

हबही स्वच्छ, तोलही शून्य, रिमही सरळ, आणि तरी थरथर असेल तर टायरच्या भिंतीचा कडकपणा सगळीकडे सारखा नाही असं धरा. टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून बसवला आणि नव्याने तोल लावला तर पुष्कळदा बरं होतं. रिममधला थोडा वाकडेपणा आणि टायरमधला थोडा वाकडेपणा एकमेकांना छेद देतात.

राहिली ती घूं घूं. ती वेगळी बाब आहे आणि बॅलन्सिंगने जाणार नाही. तुमचे मागचे टायर ३४,००० किलोमीटर एकाच जागी फिरले. तुमच्यासारख्या गाडीत मागच्या चाकांवर वजन कमी असतं आणि त्यांना ओढायचंही नसतं, म्हणून नक्षीचे गट्टू सपाट न घासता करवतीच्या दातांसारखे तिरके घासतात. तळहात टायरवर चाक फिरण्याच्या दिशेने सरकवा, मग उलट. एका बाजूने गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूने हाताला टोचलं तर तेच. पण आधी फेरा थांबवून, गाडी बंद करून, आणि हात हळू सरकवा, तारेचं टोक बाहेर आलेलं असलं तर कापतं. आवाज बेअरिंगचा असता तर लांब वळणावर एका बाजूला वाढला असता आणि दुसऱ्या बाजूला कमी झाला असता, आणि मुख्य म्हणजे तो मागून पुढे आला नसता. करवती दात पुढच्या चाकांवर काही हजार किलोमीटरमध्ये थोडे झिजून बसतात आणि आवाज उतरतो. अगदी पूर्ण जाईल असं आश्वासन मी देत नाही.

हवासुद्धा बघा. पुढची आणि मागची हवा वेगळी असलेल्या गाडीत रोटेशननंतर ती नव्या जागेप्रमाणे भरायची असते, आणि हे हमखास विसरलं जातं. पुढे आलेला टायर अजून मागच्याच हवेवर चालत असेल तर तोही स्टिअरिंग जड आणि अस्वस्थ करतो. यापुढे ८,००० ते १०,००० किलोमीटरला रोटेशन करा आणि त्याच वेळी चारही चाकांचा तोल तपासून घ्या. रोटेशन करायचं आणि तोल बघायचा नाही, हे मला कधीच पटलेलं नाही.

प्रश्न : रोटेशननंतर माझी गाडी अगदी हळू, २० ते ३० च्या वेगाला डुलते. स्टिअरिंग आपोआप डावी-उजवीकडे हलतं. वेग वाढवला की धडधड होते. दोनदा बॅलन्सिंग केलं. टायरना ७ वर्षं झाली, पण नक्षी भरपूर आहे. नवा घेईपर्यंत ज्या टायरचा संशय आहे तो स्टेपनीला टाकून ठेवू का?

उत्तर : नाही. स्टेपनीलाही नाही. हा टायर आता कुठल्याच जागी चालवायचा नाही, आणि खात्री होईपर्यंत गाडीही चालवू नका.

तोल बिघडलेलं चाक एवढ्या कमी वेगात डुलत नाही. २० च्या वेगाला गाडी डुलवायला चाकाचा आकारच बिघडावा लागतो. नट सैल असणं आणि रिम वाकणं ही दोन कारणं आधी तपासा. ती नसतील तर नक्षीच्या खाली जे पोलादी तारांचे पट्टे असतात ते रबरापासून सुटत चालले आहेत. चाक जॅकवर घ्या, गाडीला नीट स्टँड लावा, नक्षीजवळ एक काडी स्थिर धरा आणि चाक हाताने सावकाश फिरवा. नक्षी एका जागी काडीकडे उचलली जाते का, किंवा खाचांची सरळ रेघ मध्येच नागमोडी होते का? बाजूच्या भिंतीवर फुगा आहे का? यातलं एक जरी दिसलं तरी निर्णय झाला. सुटलेला पट्टा दुरुस्त होत नाही. तो घासून तापतो, तापून अजून सुटतो, आणि वेगात असताना नक्षी सालीसारखी निघून येते. पुढच्या चाकाचं तसं झालं तर गाडी हातात राहत नाही.

नक्षी भरपूर असणं म्हणजे टायर तरुण असणं नव्हे. टायरच्या भिंतीवर लंबवर्तुळात चार आकडे असतात. २३१९ असेल तर २०१९ सालचा २३ वा आठवडा. तुम्ही गाडी घेतलीत त्या तारखेवरून मोजू नका, या आकड्यावरून मोजा. टायर त्याआधी किती पडून होता ते तिथेच कळेल. दोनदा बॅलन्स करणाऱ्याने चाक फिरताना एकदा जरी बाजूने नजर टाकली असती तर त्याला ही उचल दिसली असती. हे मला राग येऊन लिहावं लागतंय, कारण चाक त्याच्या डोळ्यांसमोर फिरत होतं.

प्रश्न : रोटेशननंतर थरथर नाही, पण गाडी डावीकडे ओढते. आधी सरळ जायची. अलाइनमेंट करून घेऊ का?

उत्तर : आधी पुढच्या दोन टायरची हवा थंड असताना सारखी करा. अलाइनमेंट गाडीची असते, चाकं फिरवल्याने तिचे कोन बदलत नाहीत. काही टायरच्या घडणीत किंवा झिजेत एका बाजूला किंचित उतार येतो आणि तो शंकूसारखा एका बाजूला लोळायला बघतो. मागे असताना हे जाणवत नाही. पुढची दोन चाकं डावी-उजवी अदलाबदल करून बघा. आता गाडी उजवीकडे ओढू लागली तर कारण टायर. तरी डावीकडेच ओढते तर मग अलाइनमेंट आणि डाव्या बाजूचा अडकलेला ब्रेक बघा. गाडी चालवून थांबल्यावर त्या चाकाजवळ जास्त ऊब येत असेल तर ब्रेकच. टायरच्या भिंतीवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर मात्र ही अदलाबदल करू नका. ओढणारा टायर सापडला आणि तो बाकी धडधाकट असला तर त्याला मागे पाठवा, तिथे त्याचा त्रास होत नाही.